सिंधीपुऱ्यात अडलेली मोटार

वन्सं गेल्या त्या सकाळी मी त्यांच्यावर चिडलेली होते. चहा दोनदा गरम करून झाला तरी बाईंचा पत्ता नाही. उशिरा उठणं हे त्यांच्या लेखी पाप, आणि चहा गार करणं हे माझ्या लेखी. शेवटी सुनेला म्हटलं, बघ गं, आत्यांचं काय चाललंय. ती खोलीत गेली, बराच वेळ आली नाही, आणि मग दारात येऊन नुसती उभी राहिली... झोपेतच गेल्या होत्या. नव्वदी ओलांडलेलं माणूस, आजारपण नाही, कुणाकडून काही करून घेणं नाही. असं मरण मागून मिळत नाही, असं भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणाला. खरं आहे ते. पण मला पहिले काही दिवस रागच येत राहिला, कारण इतक्या वर्षांत न सांगता कुठे जाण्याची त्यांची ही पहिलीच खेप.

कुसुमताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. इथल्या, बुऱ्हाणपूरच्या मराठी शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेली मुलं आता आजोबा झालीत, आणि त्यांना त्या कडक बाई म्हणून आठवतात. मला आठवतात त्या मोटार चालवताना. उंचीनं बेताच्या, त्यामुळे समोरून पाहणाऱ्याला मोटार आपली आपणच येतेय असं वाटायचं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते तसंच, सिंधीपुऱ्यातल्या माझ्या माहेरच्या गल्लीत शिरताना.

राज्यांची जुळवाजुळव चाललेली ती वर्षं. आमचं बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि पलीकडचं एदलाबाद, म्हणजे आताचं मुक्ताईनगर, मुंबई राज्यात. इच्छापूर ओलांडलं की राज्य बदलायचं. केळी तीच, तापी तीच, सोयरिकीही त्याच, पण आपण कुठले हे माणसांना एकदम ठासून सांगावंसं वाटू लागलं होतं. वडिलांच्या कचेरीतले कागद हिंदीत होऊ लागले तेव्हा त्यांनी ठरवलं की पोरगी पलीकडे द्यायची. पलीकडचे लोक यायचे, पोहे खायचे, माझं बोलणं ऐकायचे आणि 'कळवतो' म्हणून जायचे. ते कळवणं कधी आलं नाही. पोस्टमन दिसला की आई दारात जायची, आणि तो पुढे गेला की मला उगाच काहीतरी काम सांगायची. अशी दोन स्थळं होऊन गेली होती. हे तिसरं मला मनापासून हवं होतं, कारण मुलगा कॉलेजात शिकवणारा होता आणि बायकोनं पुढे शिकावं असं त्यानं मध्यस्थाजवळ बोलून दाखवलं होतं.

थंडीचे दिवस होते. मोटारीतून मामंजी, म्हणजे माझे पुढे झालेले सासरे, हे, आणि वन्सं असे तिघे उतरले. बाईनं चालवलेली मोटार पाहायला अर्धी गल्ली ओट्यावर आली होती. मामंजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ह्यांना यंत्राची भीती, म्हणून वन्सं जुन्या ड्रायव्हरकडून शिकल्या होत्या. पोहे झाले, प्रश्न झाले. पुढे काय करायचा विचार आहे असं मामंजींनी विचारलं आणि माझ्या तोंडून सरळ घरचं निघालं, "मले आगे शिकाचं आहे, बाबूजी. टीचर बनाचं आहे." मामंजींच्या भुवया वर चढल्या. शुद्ध मराठी हा त्यांचा जीव की प्राण. चहा संपला, त्यांनी उपरणं सावरलं आणि पत्रानं कळवतो म्हणाले. जेवून जा असा वडिलांनी आग्रह केला, पण मुलगी पसंत केल्याशिवाय तिच्या घरी जेवायचं नाही ही आमच्याकडची रीत. जेवले म्हणजे होकार. आईनं माझ्याकडे बघायचं टाळलं आणि मंडळी पोह्यांवरच उठली.

उठली खरी, पण गेली नाहीत. मोटारीची किल्ली भोकात गेली, पण फिरेना. वन्संनी हलवून पाहिली, काढून पुसून परत घातली, ढिम्म. मोटारीतलं सगळ्यांनाच कळतं हे आमच्या गल्लीला त्या दिवशी समजलं. एक जण म्हणाला धक्का मारा, म्हणून मामंजींना आत बसवून मोटार गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली, आणि किल्लीच फिरत नाही तर धक्क्यानं काय होणार हे ध्यानात आल्यावर परत ढकलत आणली. दुसरा पक्कड घेऊन आला. किल्ली आत मोडेल म्हणून वन्संनी त्याला हात लावू दिला नाही. तेवढ्यात आईनं कळवळून खोबरेलाची वाटी पाठवली आणि वन्संची पाठ वळताच कुणीतरी ते भोकात ओतलंसुद्धा. थंडीनं घट्ट होऊ लागलेलं तेल, त्यात आमच्याकडे विणकरांच्या मागांमुळे सदा उडणारी कापसाची तुसं... निदान भोकात जात होती ती किल्ली आता आतही शिरेना. नकार देऊन निघालेल्यांना दारातून हलता येत नव्हतं, आणि नकार मिळालेले त्यांना पाण्याचे तांबे नेऊन देत होते. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मग वन्संनी पदर खोचला. सगळ्यांना लांब केलं आणि मला रॉकेल, चिंधी आणि पेन्सिल घेऊन बोलावलं. मी शेजारच्या सीटवर बसले. केसांतली पिन वाकवून त्या भोक कोरू लागल्या, तर आतून लाल-पिवळा चिखल यायला लागला. दर दसऱ्याला मामंजी मोटारीची पूजा करायचे. मोटारीचा जीव किल्लीच्या भोकात असं त्यांचं मत, म्हणून ओलं हळदकुंकू बोटानं तिथेच भरायचे, वर अक्षता. एक तांदूळ तर अख्खा निघाला. वन्संनी तो तळहातावर घेऊन खिडकीतून आपल्या वडिलांना दाखवला. मामंजी आभाळाकडे बघू लागले. रॉकेलच्या थेंबांनी तेल धुऊन काढलं, भोक वाळू दिलं, आणि मग त्या पेन्सिलीचं शिसं किल्लीच्या दात्यांवर घासत बसल्या. तेल धूळ धरतं, शिसं धरत नाही, असं मला समजावत होत्या, आणि त्याच आवाजात, मान वर न करता, त्यांनी मला खरंच शिकायचंय का ते विचारलं. मी हो म्हटलं. मुलगा आवडला का? त्यालाही हो म्हटलं. मग, का कोण जाणे, मी आईचं आणि पोस्टमनचंही सांगून टाकलं. त्या किल्ली घासत राहिल्या.

आणि किल्ली फिरली. इंजिन गुरगुरलं, ओट्यावरचे लोक हसले, मामंजी पुढे आले. वन्संनी मोटार बंद केली, किल्ली काढून मुठीत धरली आणि उतरून वडिलांसमोर उभ्या राहिल्या.

"बाबा, पत्र नको. हो की नाही ते इथंच सांगा. त्याशिवाय मी मोटार चालवणार नाही."

चारचौघांत बापाला असं बोलणं, तेही त्या काळी... माझे वडीलच घाबरून मध्ये पडायला निघाले. मामंजींनी एकदा मोटारीकडे, एकदा मुलाकडे बघितलं. स्वतःला चालवता येत नव्हतं, मुलाला येत नव्हतं, शिवाय मुलाचा होकार त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसत होता, आणि मुलीला तर ते ओळखूनच होते. आत आईनं घरच्यांसाठी वांगी भाजायला घेतली होती. तो वास ओट्यापर्यंत आला, आणि भरीत समोर असताना खानदेशी माणसाचा ताठा फार वेळ टिकत नाही. मामंजींनी जोडे काढले आणि वडिलांना विचारलं, "भाकरी कळण्याची आहे का?" आई चुलीपाशीच रडायला लागली. त्या दिवशी मामंजी ज्वारी-उडदाच्या त्या तीन भाकऱ्या जेवले आणि माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत.

लग्नानंतर लवकरच ह्यांना बुऱ्हाणपुरातच नोकरी मिळाली. मला पलीकडे द्यायचा वडिलांनी एवढा घाट घातला, आणि माझं सासरच उठून अलीकडे आलं. मी ट्रेनिंग केलं, वन्संनी शाळा धरली, आणि मामंजी म्हातारपणी भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करायला शिकले. मलाही मोटार शिकवायचा वन्संनी एकदा घाट घातला होता. शनवाऱ्याच्या वेशीजवळ मी ती केळीनं भरलेल्या बैलगाडीला नेऊन लावली, तेव्हा तो विषय संपला. वन्संनी लग्न केलं नाही. का, ते एकदाच सांगितलं, पापड लाटताना. त्यांनाही एका घरानं 'कळवतो' म्हटलं होतं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, दिवाळीपर्यंत वाट पाहिली, मग समजलं की मुलाचं लग्न केव्हाच होऊन गेलंय. त्यानंतर त्या कुणासमोर पाटावर बसल्या नाहीत. मला तेव्हा त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं, पण हात पिठाचे होते आणि त्यांना असलं काही आवडायचं नाही.

मोटारीची ही गोष्ट मी जन्मभर मिरवत आले. वन्संनी मला निवडलं, माझ्यासाठी बापाशी भांडल्या, असं मुलांना सांगितलं, नातवंडांना सांगितलं. त्या जाण्याच्या थोडे दिवस आधी आम्ही दोघी गच्चीवर उन्हात बसलो होतो. सहज विचारलं, "वन्सं, मामंजी तेव्हा नाही म्हणाले असते तर?"

"तर लगेच मोटार चालू केली असती."

मी बघतच राहिले. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "तू पसंत पडलीस म्हणून नव्हते अडले, विमल. आवडलीस ती पुढे. तुझ्या आईला परत पोस्टमनची वाट बघत बसायला लागू नये, एवढंच होतं."

खोटं कशाला बोलू, मला लागलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर माझं मलाच हसू आलं. ओळख ना देख, नात्याची न गोत्याची अशा मुलीसाठी ही बाई गल्लीत बापासमोर उभी राहिली होती. मी आवडते म्हणून राहिली असती तर त्यात काय मोठंसं?

त्यांचा बटणांचा फोन सध्या माझ्याकडे आहे. मुलगा म्हणतो, आई, आता हे सिम बंद करून टाकू. मी करू देत नाही. शाळेतली मुलं अजून फोन करतात, कुणी सुरतेहून, कुणी भोपाळहून. त्यांना काहीच ठाऊक नसतं. इकडे फोन बंद असला तर ती तिकडे आज लागेल, उद्या लागेल म्हणत बसणार... म्हणून रोज चार्जिंगला लावते. वाजला की कणकेचे हात तसेच पुसून उचलते, पलीकडच्यानं "बाई?" असं विचारलं की उगीच तब्येतपाण्याच्या गोष्टी करत नाही. "बाई गेल्या रे बाळा," असं लगेच सांगते.