बिदरीच्या कपाटातला आंबूस वास

गेल्या रविवारी सकाळी, बीडच्या माझ्या घरी, मी हातात थर्मामीटर घेऊन काचेच्या कपाटासमोर उभी होते. एका कारागिराची चूक पुराव्यानिशी सिद्ध करायची होती...

कपाटात माझा बिदरीचा संग्रह आहे. सुरई, पानदाने, दोन अत्तरदाण्या... जस्ताच्या काळ्याभोर अंगावर चांदीची नक्षी. वीस वर्षे मी जुन्या घरांतून, भंगारातून एकेक वस्तू पारखून आणली. ती नीट दिसावी म्हणून युनूसभाई मिस्त्रींकडून प्रत्येक फळीखाली एलईडीच्या पट्ट्या बसवून घेतल्या.

आराखडा माझा. पट्टी दिसता कामा नये, उजेड फक्त वस्तूवर पडावा, धुळीला केसाएवढी फट नको. एक सांधा मी त्यांना तीनदा उचकटायला लावला. त्यांनी निमूटपणे सिलिकॉन भरून फट न् फट बुजवली.

निघताना एवढेच म्हणाले, "बाई, आठ-दहा दिस दार उघडं ऱ्हाऊ द्या. सिलिकॉनचा वास लई उग्र हाय. जरा हवा खाऊ द्या कपाटाला."

"कपाट हवा खात नाही, युनूसभाई, धूळ खातं." असे म्हणून मी त्यांच्यादेखत कुलूप घातले.

महिन्याभरात सुरईवर पांढरी भुकटी दिसू लागली. मग पानदानावर... दार न उघडता, काचेतूनच मी निष्कर्ष काढला : हलक्या प्रतीच्या दिव्यांची उष्णता. आणि इथेच, याच फेसबुकवर, दुकानाच्या नावासकट लिहून टाकले. 'अर्धवट ज्ञानाचे कारागीर' हे शब्द माझेच.

तुम्ही अनेकांनी ती पोस्ट उचलून धरली. एका डॉक्टरांनी युनूसभाईंना दिलेले नव्या घराचे काम काढून घेतल्याचे कानावर आले... खरे सांगते, तेव्हा वाईट वाटले नव्हते.

तर त्या रविवारी थर्मामीटर ठेवायला दार उघडले आणि आंबूस वास नाकात शिरला. मी दुर्लक्ष केले. तीन तास दिवे लावून ठेवले. पारा दोन अंशही चढला नाही. दुसऱ्यांदा दार उघडले तेव्हा त्या वासाला नाव देणे भाग पडले... व्हिनेगर. ओला निळा लिटमस आत धरला. तो लाल झाला.

सिलिकॉन सुकताना व्हिनेगरमधलेच ॲसिटिक आम्ल सोडते आणि कोंडलेल्या जागेत ते जस्ताला खाते. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले आहे. मिस्त्रींना कारण माहीत नव्हते, उपाय माहीत होता. मला कारण माहीत होते... आणि मी कुलूप लावले.

दुपारी त्यांच्या दुकानी गेले. "चूक माझी होती, युनूसभाई. दिव्यांत काही दोष नाही."

ते रंधा मारत राहिले. "मला ठावं हाय की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं व्हतं. तुमी ऐकलं कुठं?"

शेजारच्या गाड्यावरून फळवाला ओरडला, "युनूसमियाँ, बाईंना कुर्सी द्या! शिकायला आल्यात!"

युनूसभाई हसले नाहीत. कपाट पुन्हा करून द्याल का, असे मी विचारले. "दुसरा मिस्त्री बघा," ते म्हणाले. मग रंधा बाजूला ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "बदनामी केलीत साऱ्या गावात, बाई. अन् माफी कानात व्हय?"

मी तशीच घरी परतले.

डॉक्टरांना मी स्वतः फोन केला. काम दुसऱ्याला दिले, एवढेच ऐकायला मिळाले.

म्हणून हे सर्वांसमोर : युनूसभाईंचे काम निर्दोष होते. त्यांचा सल्ला अचूक होता. वस्तू बिघडल्या त्या माझ्यामुळे, आणि त्यांचे काम गेले तेही माझ्यामुळे. युनूसभाई, मला क्षमा करा.

ज्यांनी मागची पोस्ट आवेशाने पुढे पाठवली, त्यांनी हीही पाठवावी. बहुतेक जण पाठवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे... दुसऱ्या कुणाची असती, तर मीही पाठवली नसती.