पिवळ्या दोऱ्याचा पेला

शाझली कांदे मोजायचा, अंडी मोजायचा, गॅसच्या टाक्या मोजायचा. माणसं मात्र मोजायचा नाही. 'वर्दा' बोटीवरच्या या आचाऱ्याला सगळे 'अम्म', म्हणजे काका, म्हणत. कुणी विचारलं, "अम्म शाझली, आज जेवायला किती?" तर उत्तर यायचं, "मोठं पातेलं." स्वतःच्या मुलांबद्दल विचारलं तर, "अल्लाने दिली तेवढी." मोजलेल्या माणसाला नजर लागते, हे त्याच्या आईने तांबड्या समुद्राकाठच्या कुसैरच्या घरात त्याच्या मनावर पक्कं बिंबवलं होतं.

गंमत अशी, की समुद्रात कुणी मागे राहू नये हे पाहायचं काम याच माणसाकडे होतं. आमचे पाहुणे आठवडाभर बोटीवरच राहतात आणि पाठीवर हवेची टाकी बांधून प्रवाळ बघायला दिवसातून तीन-चारदा पाण्यात उतरतात. ते खाली असताना बोट निघून गेली तर काय होईल, हे सांगायला नको. शाझलीने त्यावर आपला उपाय काढला होता. शिडीपाशी प्रत्येक पाहुण्याचा पेला खुंटीला टांगलेला, प्रत्येक पेल्याच्या कानात वेगळ्या रंगाचा दोरा. पाहुणा वर आला की त्याचा पेला काढायचा, कारकादेचं लाल सरबत भरून हातात द्यायचा. एक जरी पेला खुंटीवर असला तरी रय्यस सुब्ही, म्हणजे आमचे कप्तान, इंजिनाला हात लावत नसत.

मग अलेक्झांड्रियाहून वग्दी आला, पाहुण्यांना पाण्यात नेणारा नवा प्रमुख. त्याला हे पटेना. "आज पेले टांगलेत, उद्या चमचे टांगाल," तो म्हणाला. "जगभर माणसं मोजतात, अम्म शाझली. मोठ्याने." त्याने बोटीचे मालक हाजी मितवल्ली यांचे कान भरले. हाजींनी निरोप धाडला: या फेरीत शाझलीने मोजायला शिकावं, नाहीतर पुढच्या फेरीपासून त्याने किनाऱ्यावर राहून मेकॅनिकांचा स्वयंपाक करावा.

मी कंपनीचा हिशेबनीस. कोठी तपासायला त्या फेरीत बोटीवर होतो. शाझली माझ्याजवळ येऊन बसला. "जमिनीवर मला झोप लागत नाही हो. पलंग हलतच नाही. मेल्यासारखं वाटतं."

"मग मनातल्या मनात मोज," मी म्हणालो.

"मनातलं वर ऐकू जात नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ज्या प्रवाळापाशी होतो, तिथे आणखी दोन बोटी उभ्या होत्या. पाहुणे खाली जाऊन परत आले. शिडीपाशी उभं राहून वग्दीने मोजले. "सोळा. झाले सगळे. रय्यस, चला."

"थांबा," शाझली म्हणाला. पिवळ्या दोऱ्याचा पेला खुंटीवरच होता. तो पोलंडच्या एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा. "बाई आल्या नाहीत."

"सोळा गेले, सोळा आले. बाई कुठेतरी केस पुसत असतील."

"मला आकडा सांगू नका, वग्दी बाशा. बाईंचं सरबत इथे आहे."

रय्यस सुब्हींनी इंजिनावरचा हात काढून घेतला. "तुमचं ठरू दे. मला घाई नाही."

खोल्या धुंडाळल्या. बाई नव्हत्या. वग्दीचा चेहरा उतरला. रबरी होडी पाण्यात गेली. शाझली स्वयंपाकघराच्या टपावर चढून पातेलं बडवू लागला आणि बडवता बडवता रडूही लागला. बाई किती चांगल्या होत्या, भाताला कधी नावं ठेवली नाहीत, वगैरे.

इतक्यात सरबत न घेताच जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसलेल्या एका पाहुण्याने नाकापर्यंत चेहरा झाकणारी काळी रबरी टोपी सोलून काढली. खाली भरघोस तांबड्या मिशा. आमच्या पाहुण्यांत मिशाच कुणाला नव्हत्या. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "जिना उजवीकडे होता ना?"

तो शेजारच्या बोटीवरचा. चुकून आमच्या शिडीने वर आला होता, आणि बाई त्यांच्या शिडीने. दोन्ही बोटींवर आकडा बरोबर भरला होता. रबरी होडीने बाईंना परत आणलं, तेव्हा त्यांच्या हातात बसबूसा या रव्याच्या गोड वडीचा दुसरा तुकडा होता.

"त्यांची बसबूसा आपल्यापेक्षा मऊ आहे," बाई म्हणाल्या. शाझलीचे डोळे तिथल्या तिथे कोरडे झाले.

"माझा आकडा चुकला नव्हता," वग्दी पुटपुटला.

"आणि हा शाझली बाईंना पुरून मोकळा झाला होता," रय्यस म्हणाले. "दोघंही ऐका. आता नावं पुकारायची. नाव घेतलं की पेला द्यायचा. काय रे शाझली, नावाने नजर लागते?"

शाझलीने बराच विचार केला. "नाही. नावाने तर हाक मारतात."

परदेशी नावं काही त्याच्या जिभेवर बसेनात. संध्याकाळपर्यंत बाईंच्या 'सित्त बसबूसा', म्हणजे बसबूसाबाई, झाल्या, एक उंच जर्मन 'मिनार' झाला, नवऱ्याबरोबर आलेली एक तरुणी 'हसनिया' झाली, आणि पाहुणे त्या नावांना हसत ओ देऊ लागले. वग्दी शेजारी उभा राहून चेहरे बघायचा.

रात्री हाजींचा फोन आला. "शिकला का तो?" मी फोन शाझलीला दिला.

"काय रे, किती जण वर आले?"

"सित्त बसबूसा आल्या, हाजी. मिनार आला. हसनिया आली, तिचा नवरा आला..." असं करत त्याने सगळी नावं सांगितली. पलीकडून हाजी हलक्या आवाजात मोजत असल्याचं ऐकू येत होतं. शाझलीने फोन कानापासून लांब धरला आणि मोजणं थांबल्यावरच परत लावला.

"बरोबर आहेत," हाजी म्हणाले. "बरं, पुढच्या फेरीला कांदा किती लागेल तुला?"

"चाळीस किलो," शाझली ताबडतोब म्हणाला.