शीतलच्या कपाळावरचं भस्म

ही गोष्ट मी कुणाजवळच काढली न्हाई. नवऱ्याजवळ न्हाई, आईजवळ न्हाई. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा ह्या एका जागेवर आले की मुकाट्यानं पुढं सरकते. तुमाला सांगते. कावून तुमालाच? तुमी माझ्या घरचे न्हाईत म्हणून असंल. घरच्यांना सांगायची हिंमत असती, तर ही वेळच आली नसती.

आमच्या घरात टीव्हीच्या शेजारी एक कप हाय. पिवळा, चकाकणारा, वर पळणारी बाई. पाहुणा आला की सासूबाई कौतुकानं सांगतात, आमच्या थोरलीनं रेस जिंकली, पोरांची आई असून जिंकली. मी लगेच चहा ठेवायला आत जाते. लोकांना वाटतं, लाजली.

थोरली म्हणजे मी. धाकटी शीतल, माझी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा बावीसची होती, बारावी झालेली. माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपण सगळं माळावर मेंढरांमागं पळण्यात गेलेलं, त्यामुळं पाय कसे — बघत राहावं असे. आणि मी बघत राहायची. खरं सांगू? पहिल्या महिन्यापासून ती मला बघवली न्हाई. तिनं काही केलं होतं का? काहीच न्हाई. आक्का आक्का करत मागं फिरायची, माझ्या हातातली घागर काढून घ्यायची. त्याचासुद्धा मला राग यायचा.

मी पण पळायची हो. युसूफ वडगावला माझं माहेर, तिथल्या शाळेत मी तालुक्यापर्यंत पहिली आलते. बारावीनंतर डी.एड. करायचं होतं. लग्नात सासरचे म्हणले, करू की. मग म्हणले, एक लेकरू होऊ दे. मग कुणी विषयच काढला न्हाई — आणि मीही काढला न्हाई. वाट बघत बसले, कुणीतरी विचारंल म्हणून. सोळा वर्षं.

आणि ही! वर्षाच्या आत, मामांना — सासऱ्यांना आमी मामा म्हणतो — भाकरी वाढता वाढता म्हणली, "मामा, मला पोलिसात जायचं हाय." इतकंच. मीठ पाहिजे म्हणावं, तसं. मी चुलीपाशी होते. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जातंय. अन् मामा हसले! माझ्या सोळा वर्षांत ते माझ्या कुठल्या बोलण्यावर हसलेले मला आठवत न्हाई. त्या दिवशी माझा जीव असा जळला की तव्यावरची भाकर करपून गेली, तरी मला वास आला न्हाई.

त्याच हिवाळ्यात त्या रेसचा बोर्ड लागला. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुली मागं राहतात, त्यांच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी. फाट्यापासून कपिलधारच्या देवस्थानाच्या वाटेनं खालच्या झाडापर्यंत जायचं आणि वळून परत यायचं. मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्यात पहिली आलीस तर जा बीडला, माझ्या बहिणीकडं राहा, भरतीची तयारी कर. न्हाई आलीस तर पुन्हा हा विषय ह्या घरात न्हाई. मामांचा शब्द म्हणजे शब्द. शीतलनं वाकून पाया पडून घेतलं.

मी पण नाव दिलं. सोबत म्हणून, असं सांगितलं. सासूबाईंना लई बरं वाटलं, जावाजावांचं कसं गुण्यागोविंदानं चाललंय म्हणून. सोबत कशाची? मला तिला हरवायचं होतं. छत्तीसची बाई मी, शेताकडं जाताना बांधावरनं पळून बघायची, कुणी दिसलं की चालायला लागायची. इतकं खोटं तर मी आधीच सुरू केलं होतं.

रेसच्या दिवशी आमी सगळ्या बाया साडीवर टी-शर्ट चढवून, पदर कमरेला खोचून उभ्या. बाया आणि बाप्ये, सगळे एकदमच सुटणार होते. कुणी मधूनच वळून येऊ नये म्हणून एक गोष्ट ठरवली होती. शहरात म्हणे हाताला पट्टी बांधतात. इथं त्या झाडाखाली दोघं जण ताट घेऊन बसले होते, येईल त्याच्या कपाळाला भस्माचा पट्टा ओढायला. कपाळावर भस्म असेल त्याचाच नंबर. सगळ्यांना पटलं. कपिलधारची वाट, तिथं भस्माशिवाय दुसरं काय लावणार?

शीतल सुटली ती दिसेनाशीच झाली. मी जीव खाऊन पळत होते. बाकीच्या बाया मागं पडल्या, कुणी गप्पा मारत चालायलाच लागल्या. मी झाडाच्या थोडी अलीकडं असंन नसंन, तेवढ्यात ती समोरून परत आली. कपाळावर भस्म. पांढरा रुंद पट्टा, उजवीकडं जरा ओघळलेला. बघा, मला किती नीट आठवतंय. ती थांबली. रेसमध्ये थांबली हो, माझ्यासाठी! म्हणली, आक्का, दमलात का, दुसऱ्या तुमीच हाव, चला की. आणि हसून गेली. तिच्या त्या माया करण्यानं मला जे लागलं, ते तिनं शिवी दिली असती तरी लागलं नसतं.

मी भस्म लावून घेतलं आणि वळले. शेवटच्या वळणावर मामा उभे दिसले, चार माणसांत, फेटा बांधून. माझा हात आपोआप पदराकडं गेला. सासऱ्यांपुढं उघड्या डोक्यानं कशी जायची? पळता पळता पदर सोडवला, डोक्यावर घेतला. मला सोळा वर्षांची सवय, दोन बोटांनी धरते, कपाळाला लागू देत न्हाई.

शेवटाला पोचले तर गर्दी, आणि मधोमध शीतल. पहिली आलेली, आणि कपाळ स्वच्छ. तीही मामांना बघून गडबडली होती. पदर ओढला, त्याच पदरानं घामाचं तोंड पुसलं, झालं. ओल्या पदरात भस्माचा मागमूस कुठं राहतो? ती सांगत होती, मामा दिसले म्हणून पदर घेतला, पुसलं गेलं. कुणीतरी म्हणलं, एवढ्या लवकर येतंय का कुणी, मधूनच वळली असंल. खालून भस्मवाल्यांना बोलावलं. ते म्हणले, पोरंपोरी सगळी एकदम आली, कुणाकुणाचं तोंड ध्यानात ठेवावं?

मग माझ्याकडं वळले. रेस भरवणारे एक मास्तर होते, भला माणूस. म्हणले, ताई, तुमी हिच्या मागंच होता, आणि घरच्याच हाव. तुमी सांगाल ते आमी धरू. "तुमी पाह्यलं का हिला झाडापासनं भस्म लावून परत येताना?"

शीतलनं माझ्याकडं पाह्यलं. तिच्या तोंडावर काळजीच नव्हती. सुटली, असंच तिला वाटलं. आक्का आली की आता.

मामाही बघत होते. हातातली काठी धरून, माझ्या तोंडाकडं. सोळा वर्षांत पहिल्यांदा माझ्या बोलण्याची वाट बघत होते.

मी म्हणलं, "न्हाई. मला न्हाई दिसली."

झालं. तोंडातून गेलं. परत घेता आलं असतं का? आलं असतं. मास्तरांनी पुन्हा विचारलं, नीट आठवा म्हणले. मी पुन्हा न्हाई म्हणलं. पहिल्यांदा निसटलं असं एकवेळ म्हणता येईल, दुसऱ्यांदा मी ठरवून म्हणलं. मग सगळ्यांनाच पटलं. घरचीच बाई, ती कावून खोटं बोलंल?

कप मला दिला. मामा गाडीत जाऊन बसले. घरी येऊन एवढंच म्हणले, नाक कापलं. त्यानंतर पोलिसाचा विषय आमच्या घरात निघाला न्हाई. गावात काही दिवस तिला अर्ध्यातली म्हणायचे, मग तेही विसरले. ती मात्र पळायची थांबली. शेरडू सुटलं तरी आता चालत जाते.

रेसच्या त्या रात्री भांडी घासताना ती माझ्याजवळ येऊन बसली होती. मला वाटलं, आता विचारणार. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, भांडण काढून तिलाच खाली पाडायचं. ती म्हणली, "आक्का, तुमी दमला होता. तुमचं ध्यान नसंल." मी म्हणलं, हं, नसंल. आणि ताट विसळलं. मी दमले नव्हते. माझं ध्यान होतं. माझं सगळं ध्यान तिच्यावरच होतं.

ह्याला आता सात वर्षं झाली. गेल्या महिन्यात गावातली एक पोरगी पोलिसात लागली, तिची आई पेढे घेऊन आली. शीतलनं एक पेढा घेतला, मोडून निम्मा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणली, "आपल्याकडनं न्हाई झालं, आक्का." आपल्याकडनं. तिनं मला आपल्यात धरलं, एकाच नशिबाची म्हणून.

मला रडू आलं असतं, लाज वाटली असती, तर तुमाला सांगायला सोपं गेलं असतं. पण तुमच्यापुढं आता खोटं बोलत न्हाई. त्या घडीला मला बरं वाटलं. ती माझ्याएवढी झाली होती. मी तो निम्मा पेढा खाल्ला आणि वर पाणी प्याले.