सुंदरबाईंची फुली

प्रिस्किला नवापूरकडच्या डोंगरातली. गावात कॉम्प्युटर शिकलेली पहिली मुलगी. तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात ती नावाला डेटा ऑपरेटर, पण प्रोग्रामही तिनंच लिहायचे. डोंगरातल्या उपकेंद्रांतून गरोदर बायांच्या नोंदींच्या एक्सएमएल फायली यायच्या. तिचा प्रोग्राम त्या वाचायचा आणि दर सोमवारी भिला ड्रायव्हरच्या हातात यादी पडायची: दिवस भरत आलेल्या कोणकोणत्या बायांना घरून दवाखान्यात आणायचं. त्या गरोदर बायांत तिच्या भावाची, दानियलची बायको मार्थाही होती. मार्थाचं रक्त कमी, पहिलं मूल पोटातच गेलेलं. "ताई, माझी गाडी विसरू नका हं," ती फोनवर हसत म्हणायची.

पण त्या फायलींनी नुसता उच्छाद मांडला होता. एक्सएमएलचा खाक्याच तसा, एक जरी अवैध अक्षर सापडलं की अख्खी फाईल वाचायला साफ नकार. सोमवार उजाडला की प्रोग्राम अडायचा आणि साहेब डोक्यावर उभे. "मला यादी पाहिजे, कारणं नकोत!" शेवटी प्रिस्किलानं हात टेकले. एकेक बाईची नोंद सुटी वाचायची, अडेल ती बाजूच्या फायलीत टाकायची आणि पुढे जायचं, अशी सोय तिनं करून टाकली. बाजूची फाईल नंतर बघू म्हणाली, ते राहिलं. राहतंच हो, मागे दहा कामं लागलेली असली की!

तीन सोमवार यादी वेळेवर निघाली. साहेब खूश. चौथ्या आठवड्यात मार्था घरातच गेली, बाळासकट. रक्त थांबलंच नाही.

मातीहून परतल्यावर प्रिस्किलानं मार्थाच्या उपकेंद्रातल्या नर्सला, सुंदरबाईंना फोन लावला. "नाव का नाही पाठवलं तुम्ही?"

"अगं बाई, पाठवलं की! फुली मारून पाठवलं!"

रजिस्टरात जोखमीच्या बाईपुढे लाल फुली मारायची, ही नर्सबायांची जुनी रीत. कॉम्प्युटरवर लाल पेन कुठून आणणार? सुंदरबाईंनी टायपिंगच्या जुन्या प्रोग्राममधली फुली उचलून नावापुढे चिकटवली, आणि बाकीच्या नर्सही त्यांचं बघून तेच करू लागल्या. प्रोग्राम अडायचा तो त्या फुलीलाच.

प्रिस्किलानं बाजूची फाईल उघडली. एक्केचाळीस बाया, एकूण एक जोखमीच्या. धडधाकट बायांच्या दारात गाडी जात होती आणि ह्या बाया वाट बघत बसल्या होत्या. तिला स्वतःची किळस आली. नको ते अक्षर तेवढं काढायचं आणि बाईची नोंद ठेवायची, चार ओळींचं काम. अर्ध्या तासात झालं. रडत रडतच तिनं मागच्या सगळ्या फायली पुन्हा वाचून घेतल्या आणि यादी पाठवून दिली.

सोमवारी अकराला भिलाचा फोन आला. "ताई, मार्था दानियलना दारमा उभा शे. यादीमा पहिलं नाव याच बाईनं शे. पण आठे घरमा तं कोणीच बोलत नही. काय करू?"

तेवढ्यात फोनमध्ये मागून दानियलचा आवाज आला, "आता कोणी पाठवली ही गाडी?"

"प्रिस्किला ताईनी," भिलानं सांगून टाकलं.