घमेलेवाले सर

मोटारसायकलच्या मागे दोरीनं घमेलं बांधून शाळेत येणारा विज्ञानाचा शिक्षक तुम्ही पाहिलाय का? आमच्या हसनाबादेत होता. नवखा माणूस त्यांना गवंडीच समजायचा. खरं नाव फक्त मस्टरवर. गावाला ते 'घमेलेवाले सर'.

घमेलं लागायचं प्रक्षेप्य गती, म्हणजे फेकलेली वस्तू कशी जाते नि कुठं पडते, ते शिकवायला. सरांनी आमच्याकडून एक रोबो बनवून घेतला होता. लोखंडी हात, खाली मोटर आणि ताणून सोडायची स्प्रिंग. मोबाइलवर कोन टाकला की हात तेवढा वळायचा आणि मोसंबी फेकायचा. पण आधी गणित करायचं, निघालेल्या जागी स्टुलावर घमेलं ठेवायचं, मगच बटण. मोसंबी पडल्यावर कुणी हळूच घमेलं सरकवलं की सर खवळायचे. "आधी सांगा, मंग फेका! पडल्यावर तर कोन्हीबी सांगतं."

एकदा त्यांनी तीस अंशांचा कोन लावला, मग साठचा. दोन्ही वेळा मोसंबी त्याच घमेल्यात! आम्ही ओरडलो, सर आमच्याहून जास्त ओरडले. शेजारच्या वर्गातल्या बाई तक्रार करायला आल्या आणि स्वतःच एक मोसंबी फेकून गेल्या.

मोसंबी आमच्या बागेतली. झाडाखाली गळून पडलेली, बारकी, हिरवी, बाजारात कुणी विचारणार नाही अशी. मी पिशवीभर न्यायचे आणि सर त्यातली एकसारख्या वजनाची निवडून घ्यायचे. जड फळ त्याच स्प्रिंगनं हळू सुटतं आणि अलीकडे पडतं, हे त्यांनी मला चांगलं समजावून दिलं होतं.

सर तासिका तत्त्वावर होते, म्हणजे नोकरीचा भरवसा नाही. संस्थेचे अध्यक्ष जालन्याहून रोबो बघायला येणार होते आणि त्यांना पसंत पडलं तर सर पुढच्या वर्षीही राहणार होते. तो दिवस आला. अध्यक्षांना जागा सांगून झाली, घमेलं ठेवून झालं. आणि ऐन वेळी माझे वडील, अण्णा, टोपली घेऊन हजर! धुऊनपुसून चकचकीत केलेली, पिवळीधमक, हातात न मावणारी फळं.

"गळीचा माल फेकून राह्यले पाव्हण्यासमोर? लोकं काय म्हनतील आपल्या बागंला?" म्हणत अण्णांनी आमची पिशवी उचलून बाजूला ठेवली.

सरांनी अण्णांच्या फुललेल्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं गाव समोर बसलेलं. "वा अण्णा! एक नंबर आनली," एवढंच ते बोलले आणि त्यातलं एक फळ रोबोच्या हातावर ठेवलं.

मोसंबी घमेल्याच्या कितीतरी अलीकडे पडून फुटली. दुसरीही तशीच. हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, खर्चा तर बराबर केला, निशाना कुठं गेला?"

"गनित माझं चुकलं साहेब. पोरांचं न्हाई." मी तोंड उघडणार, तोच सरांनी मला डोळ्यांनी दटावलं.

पुढच्या वर्षी त्यांना ठेवलं नाही. सामान टेम्पोत भरत होते, तेव्हा अण्णा मला घेऊन भेटायला गेले. वर धीर दिला, "मानूस हाये सर, चुकतो. मनाला लावून घिऊ नका." सर हसून म्हणाले, "बिलकुल न्हाई." अण्णा कपाटाला हात लावायला गेले तसे ते मला हळूच म्हणाले, "सांगू नको बरं त्यान्ला. लई हौसेनं आनल्ती."

नाही सांगितलं. आज मी इंजिनिअरिंगला आहे ती सरांच्या त्या रोबोमुळे, आणि हे अण्णांनाही मान्य आहे. सुट्टीत घरी आले की पाहुण्यांसमोर ते रंगवून सांगतात, "हिचे सर लई हुशार व्हते, पन गनितात जरा कच्चे." पाहुणे हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. अण्णांचा आनंदी चेहरा बघते आणि चहाचे कप गोळा करून आत जाते.