रुळावरची होडी

माडाएवढ्या उंचीवर होडी कलंडली आणि मी मांडीवरचा दांडा सारून चक्क उभी राहिले. खाडीत होडी कलली की वर उठलेल्या बाजूला वजन टाकायचं, ही आमची लहानपणापासूनची सवय. पण ही होडी रत्नागिरीच्या जत्रेतल्या रोलर कोस्टरची होती. ताज्या रंगाचा वास येणाऱ्या रंगवलेल्या लाटा, अंगावर पाण्याचे फवारे. साधा डबा असता तर मी गप बसले असते.

शेजारी बसलेल्या शेवंतीने, माझ्या नणंदेने, कमरेला धरून मला खाली खेचलं. "वैनी, बस गो. ही बुडायची नाय, तूच पडशील."

आज मिरकरवाडा बंदरात होड्या रंगवतायत. त्या वासाने हे आठवलं. तेव्हा मी भांडले होते, चारचौघांत ओढलंस म्हणून. आभार राहूनच गेले, ते आता मानते. मी पडले नाही. आम्ही दोघी जिवंत आहोत.