निरंक दाखला

पदनाम : शोधकक्ष सहायक, अभिलेखागार. वय : सत्तावन्न वर्षे चार महिने. बांधा : मध्यम. ओळखीची खूण : वरच्या खिशात दोन चष्मे, पैकी एक वापरात. कामाचे स्वरूप : अभ्यागतांस ऑनलाइन सूचीतील रकाने भरण्यास साहाय्य करणे. सरासरी शोधवेळ : चार मिनिटे. गौरवपत्रे : एक. तक्रारी : निरंक.

ही माहिती सेवापुस्तकातली आहे, त्यामुळे तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तिच्यात नाही ते एवढंच, की कार्यालयात या गृहस्थांना पदनामानं कुणीच ओळखत नाही. त्यांना निरंक म्हणतात. तिशीच्या आतले निरंककाका म्हणतात. 'काही नाही' एवढंच सांगायचं असतं, पण ते भारदस्तपणे सांगायचं असतं, तेव्हा कार्यालयं हा शब्द वापरतात. शोध घेऊन काही सापडलं नाही तर अभ्यागताला तसं लेखी द्यावं लागतं. त्या कागदाला निरंक दाखला म्हणतात, आणि निरंक त्यावर शिक्का फार सुबक मारतात. वाकडा शिक्का त्यांना आयुष्यात खपलेला नाही.

शोधकक्ष म्हणजे एक लांबट खोली. सहा संगणक, त्यातले पाच चालू. सहाव्यावर 'दुरुस्तीसाठी' अशी चिठ्ठी आहे आणि ती चिठ्ठी दोनदा बदललेली आहे. निरंकांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्यांचं गौरवपत्र काचेत बसवून लावलंय. बावीस वर्षांपूर्वी जुन्या वह्या सूचीत उतरवण्याचं काम निघालं, तेव्हा दिवसाला साठ नोंदींचं उद्दिष्ट असताना त्यांनी एकशेसाठ केल्या, असं त्यावर लिहिलेलं आहे. खाली कुणाचीतरी सही आहे, ती आता स्वतः सही करणाऱ्यालाही ओळखू येणार नाही.

या खोलीत येणाऱ्या माणसाला निरंक प्रथम एक भाषण ऐकवतात. ते वर्षानुवर्षं तेच आहे आणि चांगलं आहे.

"हे बघा, रकाने सगळे भरायचे नाहीत. नोकरीचा अर्ज नाही हा. नाव, आडनाव, साल, ठिकाण, सगळं भरलंत तर यंत्र म्हणतं, एवढा परिपूर्ण माणूस आमच्याकडे नाही. दोन रकाने भरा, बाकीचे मोकळे सोडा. सालाची खात्री नसेल तर पाच मागं, पाच पुढं. आडनाव कसं लिहिलं असेल ठाऊक नसेल, तर पहिली तीन अक्षरं आणि पुढे चांदणी. आणि नोंद सापडली की तिचा क्रमांक आधी लिहून घ्या. माणसं बदलतात, क्रमांक बदलत नाही."

शेवटच्या वाक्यावर लोक हसतात. निरंक त्यासाठी जरा थांबतात.

एका मंगळवारी सोफ्याची कव्हरं शिवणाऱ्या एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, बोटांना सुयांचे घट्टे पडलेले, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. तो निरंक दाखला होता. अकरा वर्षांपूर्वीचा, खाली निरंकांची सही, शिक्का एकदम सरळ.

"भाऊ, तुम्हीच दिलेला आहे," बाई म्हणाल्या.

"असेल. मीच देतो."

"तेव्हा म्हणाला होतात, नाही. आता म्हणे सूची नवी केलीय. म्हटलं, नव्या सूचीत तरी असेल."

"सूची नवी नाही हो मावशी. रंग नवा आहे. आतलं तेच."

"मग रंगात शोधा," बाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

त्यांना धाकटा भाऊ हवा होता. त्या सात वर्षांच्या आणि भाऊ चार वर्षांचा असताना आई इस्पितळात गेली ती परत आली नाही. बाप त्याआधीच कुठेतरी निघून गेलेला. दोघांना बालगृहात आणून ठेवलं. नवव्या दिवशी भावाला दुसरीकडे पाठवलं. कुठे ते कुणी सांगितलं नाही, आणि सात वर्षांच्या मुलीनं विचारायचं कुणाला? मोठी झाल्यावर विचारायला गेली, तर बालगृह बंद पडलेलं. वह्या अभिलेखागारात जमा झाल्या होत्या.

निरंकांनी रकाने भरले. आडनाव, साल पाच मागं पाच पुढं. एक नोंद आली : बाईंची स्वतःची. नोंदक्रमांक अकराशे चौऱ्याहत्तर.

"ही मी," बाई म्हणाल्या. "ही मागच्या वेळीपण निघाली होती. मी हरवलेली नाहीये."

आडनाव पुसून नुसतं भावाचं नाव टाकलं. नाव चारचौघांचं, चार हजारांवर नोंदी आल्या. नाव आणि आडनाव दोन्ही टाकलं. पडद्यावर आलं : एकही नोंद आढळली नाही. निरंकांचा हात सवयीनं कोऱ्या दाखल्यांच्या गठ्ठ्याकडे गेला.

बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. "मला तर ते टेबल अजून दिसतं," त्या म्हणाल्या. "लिहून घेणाऱ्या बाई होत्या एक, जाड्याशा. माझं सगळं विचारलं. नाव, आडनाव, आईचं, बापाचं, गाव, सगळं लिहिलं. हा माझी बाही धरून उभा. त्याची पाळी आली तर त्याला काही विचारलंच नाही. नाव तेवढं लिहिलं आणि म्हणाल्या, 'बाकी वरचंच.' झालं. पुढच्याला हाक मारली. मला तेव्हा एवढा राग आला होता, की याचं काहीच कसं विचारत नाहीत."

निरंकांचा हात गठ्ठ्यावरच राहिला. मानेपासून कानांपर्यंत काहीतरी गरम चढत गेलं. कार्यालयातला पंखा सुरू होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

"मावशी, आज यंत्र जरा हळू चाललंय," ते म्हणाले. "गुरुवारी याल?"

यंत्र नेहमीच्याच वेगानं चाललेलं होतं.

बाई गेल्यावर त्यांनी नोंदक्रमांकाच्या रकान्यात एक आकडा टाकला : अकराशे पंच्याहत्तर. बाकीचे रकाने मोकळे सोडले, जसं ते इतरांना सांगतात. नोंद लगेच आली. नाव : बाईंनी सांगितलेलं. आडनाव : वरीलप्रमाणे. आईचे नाव : वरीलप्रमाणे. वडिलांचे नाव : वरीलप्रमाणे. गाव : वरीलप्रमाणे. नवव्या दिवशी छपाई शिकवणाऱ्या एका निवासी शाळेत रवानगी. शाळेचं नाव, पत्ता. शेरा : बहिणीची बाही सोडत नाही. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, नोंद करणार : निरंकांची आद्याक्षरं.

वहीत 'वरीलप्रमाणे' लिहिणं चूक नव्हतं. वहीत वर खरोखरच कुणीतरी होतं. सूचीत प्रत्येक ओळ सुटी होते आणि अक्षरानुक्रमानं भलत्याच शेजाऱ्यांत जाऊन बसते. तिथे वर कुणी नसतं. हे निरंकांना तेव्हाही कळत होतं. कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण शेजारच्या संगणकावर बसणाऱ्या टंकलेखिकेनं ते त्यांना विचारलं होतं. ती प्रत्येक 'वरीलप्रमाणे'च्या जागी वरच्या ओळीतलं आडनाव शोधून, पुन्हा सगळं टाइप करायची. दिवसाच्या तिच्या चाळीसच व्हायच्या.

"अहो, पडद्यावर वर कोण असणार आहे?" ती म्हणाली होती.

"कोण म्हणजे? वरचा," निरंकांनी छताकडे बोट दाखवलं होतं. खोली हसली होती. शिवाय सूचनापत्रकात स्पष्ट होतं : मूळ वहीत आहे तसे उतरवावे. निरंकांनी आहे तसं उतरवलं. त्यांना गौरवपत्र मिळालं. टंकलेखिकेची कमी वेगाबद्दल आवक-जावक विभागात बदली झाली आणि ती तिथूनच निवृत्त झाली.

हे सगळं एक वेळ बाजूला ठेवता आलं असतं. माणूस स्वतःला बरंच काही माफ करतो, तरुणपण हे कारण त्यासाठी फार उपयोगी पडतं. पण अकरा वर्षांपूर्वी ते तरुण नव्हते. अकरा वर्षांपूर्वी बाईंची नोंद समोर असताना त्यांनी पुढचा क्रमांक टाकून पाहिला असता, तर अर्धं मिनिट लागलं असतं. भावंडं एकाच दिवशी आली असतील तर क्रमांक लागोपाठचे असतात, हे ते इतरांना नेहमी सांगतात. त्या दिवशी का टाकला नाही, हे त्यांनी आठवून पाहिलं. दाखल्यावर वेळ लिहिलेली होती : बारा अठ्ठावन्न. जेवणाची सुट्टी एकला होते.

संध्याकाळी घरी ते चष्मा शोधत होते.

"खिशात बघा," बायको म्हणाली. "दोन-दोन बाळगता आणि एक सापडत नाही. लोकांचे पूर्वज कसे शोधून देता हो?"

"देत नाही," निरंक म्हणाले.

"काय?"

"शोधून देत नाही. नाहीत म्हणून लिहून देतो."

बायकोनं त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ताप नव्हता. त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती नेहमी मधेच बोलते. या वेळी बोलली नाही, आणि तेच त्यांना जास्त जड गेलं. शेवटी म्हणाली, "आधी पत्ता द्या त्यांना. स्वतःची लाज नंतर काढत बसा. ती कुठे जात नाही."

गुरुवारी दहा वाजता बाई हजर होत्या. निरंकांनी नोंदीचा कागद छापून ठेवला होता. रात्री त्यांनी मनाशी वाक्यं जुळवली होती. त्यांत 'तांत्रिक कारणास्तव' हे शब्द दोनदा येत होते. प्रत्यक्षात ते म्हणाले, "मावशी, सापडलं. इथंच होतं."

बाईंनी कागद घेतला. सावकाश वाचला, बोट ओळीवर ठेवून. शेऱ्यापाशी बोट थांबलं.

"मागच्या वेळी मी आले, तेव्हापण इथंच होतं?"

"हो."

"मग दिसलं कसं नाही?"

"मी चुकीचं भरलं होतं. घाईत. आणि तुम्ही आलात तेव्हा नीट बघितलं नाही. माझी चूक आहे. सूचीची नाही."

प्लास्टिकच्या पाकिटातून बाईंनी तो दाखला बाहेर काढला आणि टेबलावर त्यांच्याकडे सरकवला. "शिक्का होता," त्या म्हणाल्या. "म्हणून मी गप्प बसले. शिक्का मारलाय म्हणजे बघितलं असेल, असं धरून चालले."

निरंकांना मान वर करता आली नाही. समोर शिक्काच होता.

"अशी आणखी किती आहेत?"

त्यांनी बुधवारी ते पाहून ठेवलं होतं. आडनावाच्या रकान्यात 'वरीलप्रमाणे' टाकलं होतं. "सहा हजार चारशे अठरा. तुमचा भाऊ धरून."

"मग बसा करत," बाई म्हणाल्या आणि कागद घडी न घालता पिशवीत ठेवला.

शाळेला त्यांनी निरंकांकडूनच पत्र लिहून घेतलं. उत्तर तीन आठवड्यांनी अभिलेखागाराच्या पत्त्यावर आलं, आणि ते बाईंना वाचून दाखवायची पाळी निरंकांवर आली. मुलगा शाळेत शिकला, शाळेच्याच छापखान्यात पुस्तकबांधणीला लागला, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी वारला. त्याला आता तीन वर्षं झाली. एक मुलगी आहे, शिक्षिका. तिचा पत्ता सोबत जोडला आहे.

बाईंनी पत्र हातात घेतलं, पण वाचलं नाही. "शिक्षिका," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "हाताला गुण असणारच त्याच्या. बाही अशी धरायचा, की शिवण उसवायची."

निरंकांनी खणातून तक्रारीचा छापील अर्ज काढला, पेनाचं टोपण काढून वर ठेवलं. "हे भरा. माझ्याविरुद्ध. मी सांगतो कुठल्या रकान्यात काय ते."

बाईंनी अर्जाकडे पाहिलं. "काय लिहू? भाऊ सापडला, म्हणून?" पिशवी उचलली. "मला बस गाठायचीय. भाचीकडे जायचं, तर हातात काहीतरी घेऊन जावं लागेल. उशांचे अभ्रे शिवते."

त्यांनी अर्ज भरला नाही. मग निरंकांनी स्वतःच भरला आणि अधीक्षकबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला. अधीक्षकबाईंनी तो दोनदा वाचला. "तक्रारदार अभ्यागत असावा लागतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही कर्मचारी आहात. हा स्वीकारता येत नाही. नोंदी दुरुस्त करा हवं तर. अहवालात 'सूचीची गुणवत्तावाढ' असं दाखवू. आणि काका, ते गौरवपत्र तुम्ही काढलंत का? भिंतीवर चौकोन दिसतोय. रंग द्यावा लागेल."

आता निरंक रोज सकाळी पहिले दोन तास वहीची पानं मागवून वरच्या ओळीतलं नाव बघतात आणि खाली पुन्हा टाइप करतात. चाळीसच्या वर होत नाहीत. टंकलेखिकेला फोन करायचं त्यांच्या मनात तीनदा आलं. नंबरही मिळवलाय, अजून केलेला नाही. भाषणातली क्रमांकाची ओळ अजून आहे. ती आली की ते थांबत नाहीत, पुढे बोलतात, त्यामुळे कुणी हसत नाही.

निवृत्तीपूर्वी सेवापुस्तक तपासून सही करायला त्यांच्याकडे आलं. गौरवपत्रे : एक. सरासरी शोधवेळ : चार मिनिटे. तक्रारी : निरंक. त्यांनी सही केली, कारण सगळी माहिती बरोबर होती.

बाई पहिल्यांदा येऊन दाखला घेऊन गेल्या, त्यानंतर आठ वर्षं त्यांचा भाऊ जिवंत होता.